मडगार्डाची शेपटी

गाडी धुऊन आणू नका, असं गिऱ्हाइकाला सांगणारा गॅरेजवाला पाटण तालुक्यात बहुधा मी एकटाच असेन. सर्व्हिसिंगला धुतलेली गाडी बरी. पण ‘मिस्त्री, पुढनं खडं लागत्यात, काय तरी करा’ म्हणत जो येतो, त्याची गाडी मला राडेराडच हवी असते. चिखल जसा उडालाय तसाच वाळू द्यायचा, गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची आणि पुढे पाट टाकून बसायचं. इंजिनाच्या तोंडावर, सायलेन्सरच्या बेंडावर, रेडिएटर असेल तर त्याच्या जाळीवर चिखलाची एक कड दिसते. कडेच्या वर शिंतोडे विरळ, खाली थर. ही कड कुठे आहे त्यावरून मडगार्ड कुठे कमी पडतंय ते कळतं. पाण्याच्या फवाऱ्यानं ती पुसून आणली की मग अंदाजानं काम करावं लागतं, आणि अंदाजाचे पैसे घ्यायला मला लाज वाटते.

गॅरेज कराड–चिपळूण रस्त्यावर आहे. हा रस्ता मडगार्डासाठी वाईट आणि मडगार्डाचं काम शिकायला चांगला. कराडकडची बाजू कृष्णा-कोयनेच्या काळ्या मातीची, उसाची. पाटण सोडून हेळवाककडे चढायला लागलं की माती तांबडी होत जाते, पाऊस वाढत जातो आणि कोयनानगरला तर वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पडतो. पुढे कुंभार्ली घाट उतरला की कोकण. बाजूला वर वनकुसवड्याचं पठार, पवनचक्क्यांचं. तिथे जांभ्याचा सडा आणि त्याचे गोटीएवढे खडे. एकाच रस्त्यावर एवढं सगळं भेटतं, पण गाडीला मडगार्ड मात्र एकच असतं, आणि ते साऱ्या देशासाठी एकाच साच्यातून निघालेलं.

खडा-खड्यातही फरक असतो. रस्त्याला पडते ती खडी काळ्या पाषाणाची. क्रशरमधून आलेली असते, कडा धारदार. खड्डे बुजवले, वर बारीक कच टाकली आणि रोलर नीट फिरला नाही की ती कच वाहनांच्या चाकाखालून महिनाभर उडत राहते. रेडिएटर फोडतो तो हाच खडा. जांभ्याचा खडा मऊ, आपटला की फुटतो. पण त्याची तांबडी पूड शॉकअपच्या चकचकीत नळीवर बसते, वरखाली होताना ऑइल सीलच्या ओठात शिरते आणि सील गळायला लागतं. आलेल्या गाडीचं रेडिएटर गेलंय की सील, यावरून ती घाटाखाली जास्त फिरते की पठारावर, हे मी न विचारता सांगतो. दहातल्या एक-दोन वेळा चुकतंही.

शेपटीचं, म्हणजे मडगार्डाला मागून खाली जोडायच्या तुकड्याचं, जे काम मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं, ते एका पवनचक्कीवाल्याच्या गाडीचं. माणूस देखभालीच्या कामावर, रोज पठारावर चढणारा. गाडी दोनशे सीसीची, पाण्यानं थंड होणारी. रेडिएटर अल्युमिनियमचं, त्याच्या पापुद्र्यासारख्या पात्या खडे लागून चपट्या झालेल्या आणि एका नळीला बारीक भोक पडून हिरवं कूलंट ठिबकत होतं. त्यानं आधीच बाजारातून रेडिएटरची जाळी आणून बसवली होती. जाळीत चिखल अडकून वाळला आणि हवाच जाईना. चढाला पंखा सारखा फिरतोय, काटा वर. तो वैतागून म्हणाला, “जाळी काढली तर खडे, लावली तर ताप.”

मग म्हणाला, मडगार्ड पुढून लांब करा. पुढून म्हणजे चाकाच्या समोर, चोचीच्या बाजूनं. असं म्हणणारे दहात नऊ. खडा समोरून येतो, म्हणजे समोर आडोसा पाहिजे, हा हिशोब वरवर बरोबर वाटतो. पण त्याच्या रेडिएटरवर आदळणारे खडे समोरच्या हवेतून येत नव्हते. ते त्याच्याच चाकाच्या मागच्या बाजूनं येत होते.

चाक पुढे पळताना त्याची मागची बाजू खालून वर जात असते. टायरनं रस्त्यावरून खडा उचलला की तो नक्षीच्या फटीत किंवा ओल्या चिखलात धरून क्षणभर वर येतो आणि सुटतो. सुटताना टायरला स्पर्श करणाऱ्या सरळ रेषेत निघतो. रस्त्याच्या अगदी जवळ सुटला तर जवळपास आडवा मागे जातो, थोडा वर येऊन सुटला तर तिरका, आणि धुरीच्या उंचीला येऊन सुटला तर सरळ वर. गाडी साठच्या वेगात असेल तर गाडीच्या मानानं हा खडाही साठच्याच वेगात सुटतो. मडगार्डाची मागची खालची कड जिथे संपते, त्याच्या खाली सुटलेलं सगळं मागच्या सामानाला लागणार, वर सुटलेलं मडगार्ड झेलणार. म्हणजे सगळा खेळ त्या खालच्या कडेचा.

हे मी त्याला दोरीनं दाखवलं. दोरीचं एक टोक मडगार्डाच्या मागच्या कडेखाली टायरला चिकटवून धरायचं आणि दुसरं टायरच्या गोलाईला घासून सरळ ताणायचं. त्याच्या गाडीला मडगार्डाची कड जमिनीपासून पंचवीसेक सेंटीमीटरवर होती. टायरसकट चाकाची उंची साठच्या आसपास, म्हणजे धुरी तिसावर. कड धुरीच्या जरा खाली, तेव्हा दोरी जवळजवळ उभीच गेली, रेडिएटरला पूर्ण ओलांडून हेडलाइटकडे. त्याचा अर्थ, सगळं रेडिएटर माऱ्यात. मग कार्डबोर्डाची पट्टी चिकटवून तीच कड मी १५ सेंटीमीटरवर आणली. दोरी लगेच मागे कलली. साठ अंशांचा कोन धरून ती रेडिएटरच्या खालच्या कडेपाशी गेली. गोलाईवर मोजलं तर वाढवलेला तुकडा अवघा १० सेंटीमीटर, हाताची पाच बोटं. तेवढ्यानं खड्याची वाट हेडलाइटपासून रेडिएटरच्या खाली येते. एवढा फरक पडेल असं त्याला वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा दोरी लावली तेव्हा मलाही वाटलं नव्हतं.

अजून पाच बोटं खाली घेतली तर? नको. पहिल्या दहा सेंटीमीटरनं जे मिळतं, ते पुढच्या दहानं मिळत नाही, आणि कड मात्र रस्त्याला टेकायला लागते. पायरीवरून गाडी उतरवताना, घरासमोरच्या चौथऱ्यावरून मागे ढकलताना ती अडते आणि मोडते. म्हणून शेवटची दोन बोटं मी कडक प्लॅस्टिकची ठेवतच नाही. तिथे रबराची पट्टी. अडली तर वाकेल.

आता शेपटी कशाची करायची. या प्रश्नावर आमच्या भागात जितकी डोकी तितके जुगाड. पावसाळ्यात लेगगार्डला फ्लेक्सचा तुकडा बांधतात. तो पायाला चिखल लागू देत नाही, पण रेडिएटरची हवा मारतो. ट्रकच्या ट्यूबचं रबर लावतात. ते मऊ, वेगात वाऱ्यानं मागे वळतं, सायलेन्सरच्या बेंडाला चिकटतं आणि अख्ख्या घाटात जळक्या रबराचा वास. कारखान्याच्या कन्व्हेअरचा जुना पट्टा आणून देणारेही आहेत. त्यात कापडाचे थर असतात, तो फाटता फाटत नाही, पण वजन एवढं की खड्ड्यातून जाताना मडगार्डच बोल्टापाशी तडकतं. ऑइलचे पाच लिटरचे कॅन कापून लावणं सगळ्यात स्वस्त. पण ते प्लॅस्टिक असं, की साधा कुठलाही चिकटद्रव त्याला धरत नाही. लोक फेव्हिक्विकची ट्यूब संपवतात आणि मग मला शिव्या देतात, जसं काही फेव्हिक्विक मी बनवतो.

पाण्याचा निळा ड्रम मात्र मला बराच काळ आवडायचा. दोनशे लिटरच्या ड्रमाचा व्यास ५८ सेंटीमीटरच्या आसपास असतो, आणि टायरचा साठ. ड्रमाची आडवी पट्टी कापली की गोलाई जवळजवळ आयतीच मिळते. अडचण एवढीच, की मडगार्डाला दोन गोलाया असतात: एक चाकाबरोबर जाणारी आणि दुसरी आडवी, कडा खाली वळवणारी. ड्रमात पहिली आहे, दुसरी नाही. त्यामुळे ड्रमाची पट्टी सपाट राहते, बाजूनं पाणी सुटतं आणि वाऱ्यात ती थरथरते. कडा वळवायला हीट गन लावावी, तर जरा जास्त ताव बसला की गोलाईच जाते.

शेवटी जे सापडलं ते भंगारात होतं. समोरून धडक बसलेल्या गाड्यांची मडगार्डं भंगारवाल्याकडे ढिगानं पडलेली असतात. धडकेत मोडते ती पुढची चोच. मागचं शेपूट बहुतेक वेळा शाबूत. त्याच मॉडेलचं मडगार्ड शोधायचं, त्याची मागची बाजू कापायची. दोन्ही गोलाया त्याच साच्यातल्या, एकात एक अशा बसतात की वेगळी घडण करावीच लागत नाही. तुकड्याच्या आत साच्याचा शिक्का असतो, त्यावर प्लॅस्टिकची जात लिहिलेली सापडते. शिक्का घासून गेला असेल तर एक नखाएवढा तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकायचा. बुडला तर एबीएस. त्याला चिकटवता येतं. तरंगला तर पॉलिप्रोपिलीन किंवा त्याच्या भावकीतलं. तिथे चिकटवण्याच्या नादाला लागायचं नाही, सरळ बोल्ट. मी मात्र दोन्हीला बोल्टच मारतो. चिकटवलेलं परत काढता येत नाही, आणि ते काढता येणं किती गरजेचं असतं ते पुढे सांगतो.

तुकडा जुन्या मडगार्डाच्या आतून लावायचा की बाहेरून, यावर माझ्याकडे काम शिकणारा पोरगा माझ्याशी भांडला होता. त्याचं म्हणणं, बाहेरून लावला तर टायरपासून लांब राहतो. बरोबर. पण आतल्या अंगानं चिखल खालून वर सरकत असतो. तुकडा बाहेरून लावला तर जुन्या मडगार्डाची कड त्या चिखलाच्या वाटेत आडवी येते, तिथे खडे अडकतात आणि पाणी जोडात शिरतं. घरावर कौलं चढवताना पाण्याची धार कुठून कुठे वाहणार ते बघून एकावर एक घालतात. इथेही तेच, फक्त इथलं पाणी उताराकडून चढाकडे वाहतं. म्हणून तुकडा आतून. जाडी तीनेक मिलिमीटर, टायरमधली फट तेवढी कमी होते, ती आधी मोजून घ्यायची. बोल्टाचं गोल डोकं टायरच्या बाजूला, नायलॉक नट बाहेर, दोन्हीकडे रुंद वॉशर. भोक बोल्टापेक्षा जरा मोठं पाडायचं, कारण उन्हात प्लॅस्टिक वाढतं. घट्ट भोकातला बोल्ट पहिल्याच उन्हाळ्यात तडा देतो.

आणि मडगार्डाच्या मधल्या लोखंडी पट्टीच्या जवळपास ड्रिल फिरवायचं नाही. बऱ्याच गाड्यांत ती पट्टी दोन्ही शॉकअपना एकत्र बांधून ठेवते. ती ढिली झाली की वळणावर पुढचं चाक जराजरा अंग मोडतं. तिच्या बाजूनंच ब्रेकचा होज जातो, आणि हल्ली ब्रेकच्या एबीएसच्या (वरचं प्लॅस्टिक वेगळं) सेन्सरची वायरही. १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, तेव्हापासून अशा प्रत्येक गाडीच्या पुढच्या चाकाशी ही बारीक वायर आली. ती तुकड्याखाली दाबली गेली तर डॅशबोर्डावर दिवा पेटतो आणि गिऱ्हाईक शोरूमला जाऊन भलताच खर्च करून येतं.

तुकडा बसला म्हणजे काम झालं असं वाटतं, पण निम्मं काम तिथून पुढे असतं. मडगार्ड चाकाबरोबर हलतं, म्हणून टायर आणि मडगार्ड यांतली फट बदलत नाही. लोक एवढंच तपासतात. बदलते ती मडगार्ड आणि इंजिन यांतली फट. शॉकअप तिरके असतात, पंचवीस-सव्वीस अंश मागे कललेले. त्यामुळे चाक दाबलं गेलं की नुसतं वर येत नाही, मागेही येतं. चाकाची चाल १३ सेंटीमीटर धरली तर ते पाच-सहा सेंटीमीटर इंजिनाकडे सरकतं. उभ्या गाडीत शेपटी आणि बेंड यांत चार बोटं फट दिसली की गिऱ्हाईक म्हणतं, बास की. पण कुंभार्ली उतरताना, मागे माणूस, वळणाच्या आधी पुढचा ब्रेक जोरात लागला, त्यातच खड्डा आला, म्हणजे चारांतलं फारसं काही राहत नाही. म्हणून मी पट्ट्यानं पुढचा भाग तळाला टेकेपर्यंत आवळतो, तसाच धरून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवतो आणि त्या अवस्थेत बोट घालून बघतो. बोट गेलं तर गाडी द्यायची, नाही तर शेपटी कापायची. पवनचक्कीवाल्याची बोटभर कापावी लागली.

पंधरवड्यानं तो चहाला थांबला तेव्हा गाडी मुद्दाम न धुता आणली होती. चिखलाची कड रेडिएटरच्या खालच्या पाइपापाशी उतरली होती. जाळी काढून टाकली होती. वर मधोमध एक ताजा ओरखडा मात्र होता, आणि तो बोट ठेवून विचारत होता की हा कसा. तो ओरखडा समोरच्या डंपरचा होता. पुढच्या वाहनानं उडवलेल्या खड्याला आपलं मडगार्ड काय करणार? त्यावर माझ्याकडे एकच इलाज आहे, अंतर ठेवणं, आणि घाटात डंपरमागे अडकलेल्या माणसाला तो सांगणं सोपं नाही. बटन टायर लावणाऱ्यांचंही तसंच. त्या बटनांच्या मधल्या मोठ्या फटी सुपारीएवढा खडा उचलतात. त्यांना शेपटी लावून देतो, पण भरवसा देत नाही.

त्या गाडीकडे बघून बरेच जण शेपटी मागायला लागले, आणि त्यात कराडकडचा एक दूधवाला होता. त्याला शेपटी हवी होती ती उसाच्या हंगामासाठी. ट्रॉल्या सुरू झाल्या की रस्त्यावर मातीची ढेकळं, पाचट, सांडलेल्या कांड्या आणि ट्रॉल्यांच्या चाकांच्या चिखलात रुतलेले खडे. पण तो पावसाळ्यात वस्तीवरून दूध गोळा करतो, शेतातल्या पाणंदीनं, आणि तिथे काळी माती आहे.

काळ्या मातीची गंमत ज्यानं तिच्यात गाडी घातली नाही त्याला कळणार नाही. पाणी पिऊन ती फुगते आणि चाकाला चिकटते, चिकटलेल्या मातीला आणखी माती. मडगार्ड आणि टायर यांमधली दोन बोटांची फट शंभर पावलांत भरते. मग चाक फिरत नाही, घसरतं. माणूस उतरतो, काडीनं माती कोरतो, पन्नास पावलं जातो, परत कोरतो. शेपटी जितकी लांब आणि जितकी जवळ, तितकं हे लवकर होतं. म्हणजे डांबरी रस्त्यावर जे हवं, तेच पाणंदीत नको. त्या भागातले कितीतरी शेतकरी जूनमध्ये पुढचं मडगार्डच सोडून गोठ्यात टांगतात आणि दिवाळीत परत लावतात. त्यांना मी नको म्हणतो, लोखंडी पट्टीसकट सोडलं तर शॉकअपची बांधणी जाते म्हणून. पण पाऊस अंगावर घेत, तोंडावर राडा उडवून घेत दुधाचे कॅन वेळेवर पोचवणाऱ्या माणसाला हे सांगताना आवाज जरा खाली येतो.

दूधवाल्याला दोन गोष्टी करून दिल्या. मूळ मडगार्डाच्या बोल्टांखाली जाड वॉशर घालून ते दीड-दोन सेंटीमीटर वर घेतलं, म्हणजे माती भरायला जास्त वेळ लागेल. आणि शेपटी दोनच बोल्टांवर ठेवली, दहाच्या पान्यानं पाच मिनिटांत निघेल अशी. बाहेरच्या नटांना ग्रीस, गंजू नयेत म्हणून. पाणंद लागायच्या आधी काढायची, डांबरीवर आल्यावर लावायची. त्याचा चेहरा बघून कळलं की तो रोज काही हे करणार नाही. जूनला काढेल आणि ऑक्टोबरला लावेल. तेवढं पुरे आहे. पैशावरून मात्र त्यानं घोळ घातला. “भंगारातल्या तुकड्याचं एवढं?” मी म्हटलं, तुकड्याचे काही नाहीत, आवळून बघण्याचे आहेत. त्यानं निम्मे दिले, वर अर्धा लिटर म्हशीचं दूध, आणि शेपटी काढायला लागतो म्हणून माझा दहाचा पानाही खिशात घातला. तो अजून परत आलेला नाही.